बाळूंच्या चरित्रातील छोटे आकडे



क्रिकेटचे वेड नाही अशी आपली एकही वस्ती नसेल. चाळीच्या दोन इमारतींमधल्या बोळात रबरी चेंडूने खेळत खेळतच आपली मुले मोठी झाली. त्यांना सचिन तेंडुलकर पाठ, विनोद कांबळी पाठ. पण बाळू पालवणकर म्हटले की मुले तोंडाकडे पाहत राहतात. त्यात मुलांचा दोष नाही. घरात ज्याचे नाव कधी निघाले नाही, ते त्यांना कुठून कळणार?

माझी भाची त्याला अपवाद आहे. ती बी. कॉम. होऊन एका खासगी कचेरीत नोकरी करते आणि रात्री जेवणे आटोपली की विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशात फुकट काम करते. 'फुकट' हा शब्द माझ्या बहिणीचा. हा ज्ञानकोश १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला आणि १ मे २००३ पासून तो मराठीतही आहे. त्यात कोणीही लिहू शकतो, दुसऱ्याचे लिखाण दुरुस्तही करू शकतो. कोणी काय बदलले आणि केव्हा बदलले याची नोंद मात्र कायम राहते. लिहिणाऱ्याला पगार नाही, मानधन नाही. अट एकच : जे लिहाल त्याला आधार द्या. वाक्याच्या शेवटी, जरा वरच्या अंगाला, एक छोटा आकडा असतो. त्या आकड्यावर बोट ठेवले की लेखाच्या तळाशी पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, साल आणि पान दिसते. ज्या वाक्याला असा आकडा नाही, त्याच्यापुढे कोणीही 'संदर्भ हवा' असा शिक्का मारू शकतो. आधार मिळालाच नाही तर ते वाक्य काढूनही टाकता येते.

एके रात्री ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, "मामा, बाळू पालवणकरांवरचा लेख तपासायला घेतलाय. मजकूर बरा आहे, पण संदर्भ सगळे विस्कटलेत. तुमचा डोळा पाहिजे."

मी एकतीस वर्षे छापखान्यात प्रूफे वाचली. खिळे जुळवण्याच्या काळापासून संगणकाच्या काळापर्यंत. स्वल्पविराम हलला तरी माझ्या डोळ्याला तो टोचतो. तेव्हा मी चष्मा पुसला आणि बसलो.

आधी हे बाळू कोण ते सांगितले पाहिजे. पालवणकर कुटुंब मूळचे कोकणातले, चर्मकार समाजातले. बाळूंचा जन्म धारवाडचा, वडील सैन्यात नोकरीला. पुण्यात पारशी लोकांच्या क्लबमध्ये खेळपट्टी झाडणे, रोलर फिरवणे हे या मुलाचे पहिले काम. पुढे इंग्रजांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर तो लागला. तिथे साहेब लोकांना सराव म्हणून तासन् तास चेंडू टाकायचे. बॅट हाती द्यायची नाही, फक्त टाकायचे. त्यातून डावखुऱ्या फिरकीचा असा गोलंदाज तयार झाला की ज्यांच्या क्लबात त्याला माणूस म्हणून उंबरठ्याच्या आत घेत नव्हते, त्यांनाही सामना जिंकायला तोच हवा होता. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळू होते, त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. १९११ साली महाराजा भूपिंदरसिंग यांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंची गोलंदाजी इंग्लंडने पाहिली. मुंबईत त्यांचे निधन ४ जुलै १९५५ रोजी झाले.

एवढी मोठी हकिगत, आणि तिच्या तळाशी संदर्भांची दशा काय होती? रामचंद्र गुहा यांचे २००२ साली निघालेले 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' हे पुस्तक या विषयावरचा मोठा आधार. ते एकच पुस्तक पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी लिहिलेले. एकीकडे 'गुहा, रामचंद्र', दुसरीकडे 'आर. गुहा', तिसरीकडे नुसते पुस्तकाचे नाव, चौथ्या ठिकाणी पुस्तक विकणाऱ्या दुकानाचा इंटरनेटवरचा पत्ता. पान क्रमांक एकाच ठिकाणी. एवढ्या मोठ्या पुस्तकाचा पान क्रमांकाशिवाय संदर्भ देणे म्हणजे पाहुण्याला 'मुंबईत राहतो' एवढाच पत्ता सांगणे. शिवाय आवृत्ती बदलली की पान बदलते. म्हणून आधी हातातली आवृत्ती कोणती ते लिहायचे, मग पान. भाचीने ग्रंथालयातून पुस्तक आणले. ती इंग्रजी वाचून परिच्छेद शोधायची, मी पान टिपायचो. दोन रविवार त्यात गेले.

या ज्ञानकोशात संदर्भासाठी एक 'साचा' असतो. आमच्या छापखान्यातही साचाच म्हणत, म्हणून शब्द ऐकून बरे वाटले. साच्यात रकाने असतात : आडनाव, नाव, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, पान. पहिल्याच रकान्यावर आम्ही अडलो. जुन्या इंग्रजी धावफलकांवर 'पी. बाळू', 'पी. शिवराम', 'पी. विठ्ठल' असे छापलेले असते. अनोळखी वाचकाला वाटते की बाळू हे आडनाव आणि पी म्हणजे कुठलेसे पहिले नाव. प्रत्यक्षात पी म्हणजे पालवणकर. त्यातून इंग्रजी स्पेलिंगचे तीन प्रकार. संगणकाला हे कळत नाही, त्यामुळे एकच माणूस यादीत दोन जागी बसतो. ही भानगड आपल्या लोकांना नवी नाही. शाळेच्या दाखल्यावर एक आडनाव, रेशनकार्डावर दुसरे, हे आपल्यापैकी किती घरांनी भोगले आहे!

मला सर्वांत मौज वाटली ती पुस्तकाच्या मागे छापलेल्या आयएसबीएन क्रमांकाची. २००७ पूर्वीच्या पुस्तकांवर तो दहा अंकांचा असे, आता तेरा अंकांचा आहे. दहा अंकी क्रमांकात शेवटचा अंक पहारेकरी असतो. पहिल्या अंकाला दहाने, दुसऱ्याला नवाने, असे उतरत्या क्रमाने गुणत जायचे आणि सगळ्याची बेरीज करायची. तिला अकराने नि:शेष भाग गेला तर क्रमांक खरा. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरी भाग जात नाही. शेवटी कधी कधी इंग्रजी एक्स दिसतो, तो रोमन दहा. आमच्या लेखात एका पुस्तकाचा क्रमांक टाकताच खाली तांबड्या अक्षरात इशारा आला. पाहतो तर मधले दोन अंक उलटे. एकतीस वर्षे मी जे डोळ्यांनी केले ते हा एकटा अंक करतो, याचे मला कौतुक वाटले, थोडा मत्सरही वाटला.

तारखांचेही तसेच. अर्ध्या तारखा 'जुलै ४, १९५५' अशा अमेरिकन पद्धतीने, अर्ध्या आपल्या पद्धतीने. कोणी नुसते ४/७/१९५५ लिहिले तर अमेरिकेतला वाचक ७ एप्रिल वाचणार. म्हणजे त्या माणसाची पुण्यतिथीच बदलली! आम्ही सगळीकडे आधी दिवस, मग महिना शब्दांत, मग साल असे करून घेतले. जन्मसालाचा घोळ मात्र संदर्भ नीट करून मिटत नाही. कुठे १८७५ सापडते, कुठे १८७६. अशा वेळी एक साल निवडून दुसरे दडपायचे नसते. दोन्ही लिहायची आणि प्रत्येकापुढे त्याचा त्याचा आधार ठेवायचा.

आता विकेटांचे पाहा. लेखात वर लिहिलेले की १९११ च्या दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. खाली तक्त्यात ७५. कोणीतरी चर्चेच्या पानावर लिहून ठेवले होते की आकडे फुगवलेले दिसतात. 'फुगवलेले' हा शब्द वाचून भाचीचा चेहरा उतरला. आमचा माणूस म्हटला की पहिली शंका फुगवण्याची! पण रागावून उपयोग नव्हता. आम्ही दोन्ही आकड्यांचे आधार काढले. दौऱ्यात एकूण २३ सामने झाले, त्यांपैकी १४ प्रथम श्रेणीचे. सर्व सामने धरले तर ११४ बळी, प्रथम श्रेणीचेच धरले तर ७५. दोन्ही आकडे खरे होते. प्रत्येकाचा संदर्भ दुसऱ्याच्या वाक्याला चिकटला होता, एवढेच. दोन छोटे आकडे जागच्या जागी बसवले आणि शंका घेणाऱ्याने स्वत:च आपली टीप मागे घेतली. संपूर्ण कारकिर्दीत बाळूंचे प्रथम श्रेणीतले ३३ सामने आणि १७९ बळी आहेत, बळीमागे धावा पंधरा आणि थोड्या. त्याला फुगवायची गरजच काय?

आणखी एक गंमत सांगतो, रेल्वेतल्या घरांना ती विशेष कळेल. बाळूंनी मुंबईत रेल्वेची नोकरी केली आणि रेल्वेच्या संघातूनही ते खेळले. इंटरनेटवर काही ठिकाणी त्या रेल्वेचे नाव 'बॉम्बे, बेरार अँड सेंट्रल इंडियन' असे वाचायला मिळते. आपले आजे-पणजे ज्या बी.बी.सी.आय. मध्ये राबले तिचे नाव बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे. एकाने चुकीचे लिहिले, दुसऱ्याने त्याचे पाहून, तिसऱ्याने दुसऱ्याचा आधार दाखवून. चार ठिकाणी छापले गेले म्हणून चुकीचे बरोबर होत नाही. आधार मोजायचे नसतात, आधाराचा आधार काय ते पाहायचे असते.

आता जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट.

पुण्यात हिंदू संघातर्फे खेळताना बाळू मैदानावर सर्वांबरोबर असत. चेंडू एकच, त्याला सगळ्यांचे हात लागत. पण चहाची वेळ झाली की बाकीचे खेळाडू पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा टाकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात. जेवणाचे ताट निराळे, बसण्याची जागा निराळी. बळी घेणाऱ्या हाताचा विटाळ चेंडूला होत नव्हता, कपाला होत होता!

लेखातल्या या वाक्यामागे कोणीतरी एका वृत्तपत्राच्या इंटरनेटवरील पानाचा नुसता पत्ता चिकटवला होता. लेखाचे नाव नाही, लेखक नाही, तारीख नाही. पत्ता उघडला तर 'पान सापडत नाही'. इंटरनेटवरचे पत्ते असे मरतात. मालक बदलतो, जागा बदलते, जुनी पाने काढून टाकली जातात. आणि त्या वाक्यापुढे शिक्का बसला होता : 'संदर्भ हवा'. शिक्का मारणाऱ्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. नियमाने त्याचे बरोबरच होते. पण परिणाम काय झाला असता ते पाहा. दौरा राहिला असता, विकेटा राहिल्या असत्या, महाराजांचे नाव राहिले असते. मातीचे भांडे तेवढे गळून पडले असते. मग पुढच्या पिढीने वाचले असते की बाळू हे एक थोर गोलंदाज होऊन गेले आणि हिंदू संघाचे कर्णधारपद काही त्यांना मिळाले नाही. का मिळाले नाही, हे विचारायला वाक्यच उरले नसते. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल १९२३ साली हिंदू संघाचे कर्णधार झाले, हे किती लढून झाले तेही मग कळले नसते.

पुरावा मागितला की आपल्या माणसाला राग येतो. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा कागद शोधत तालुक्याच्या कचेरीत ज्यांनी चपला झिजवल्या, त्यांचा राग मी समजू शकतो. पण इथे कागद होता. फक्त कोणी तो लावला नव्हता. इंटरनेटवरील जुन्या पानांच्या प्रती जपून ठेवणारी 'इंटरनेट आर्काइव्ह' नावाची संस्था आहे. तिथे भाचीने मेलेला पत्ता टाकला आणि त्या पानाची जुनी प्रत मिळाली. लेखाचे नाव मिळाले, तारीख मिळाली. त्या लेखाचा आधार होता तो गुहांच्याच पुस्तकाचा. मग आम्ही मुळावरच गेलो. पुस्तक, आवृत्ती, पान. वृत्तपत्राची जपलेली प्रत दुसरा आधार म्हणून खाली ठेवली. शिक्का निघाला. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. बहीण आतून ओरडली, "झालं का तुमचं मामा-भाचीचं?"

पण झाले नव्हते. त्याच लेखात एक दुसरे वाक्य होते आणि तेही आधाराविना लोंबकळत होते. बाळू पालवणकर पुढे राजकारणात उतरले. स्वतंत्र मतदारसंघाच्या मागणीला त्यांचा विरोध होता. १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. येवल्याच्या घोषणेनंतर त्यांनी धर्मांतरालाही विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने त्यांना प्रत्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५.

आमच्या वस्तीतील एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांना मी हे काम चालू असल्याचे सांगितले. ते म्हणाले, "त्या माणसासाठी एवढे डोळे फोडता? तो बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला होता." दुसरे एक गृहस्थ तिथेच बसले होते. ते म्हणाले, "लेख चांगला आहे, पोरं वाचतील. तेवढं निवडणुकीचं वाक्य जाऊ द्या की. नाहीतरी त्याला संदर्भ नाहीच."

पहिल्या गृहस्थांचे बोलणे मला समजते. मनात तेही येते. पण दुसऱ्यांचा सल्ला मला अधिक धोक्याचा वाटला, कारण तो सोपा होता. काहीच करायचे नव्हते. आधार शोधायचा नाही, बस्स, वाक्य आपोआप गळते. मातीच्या भांड्याचे वाक्य याच रीतीने गळणार होते, तेव्हा आम्ही दोन रविवार खपलो. मग मतांचे वाक्य त्याच रीतीने गळू द्यायचे? ज्या हाताने एक संदर्भ लावला त्या हाताने दुसरा लावायचा नाही, असे प्रूफरीडरला करता येत नाही. भाचीला मी विचारले. ती म्हणाली, "मामा, मते कमी पडली ती बाळूंना. वाक्य राहिले तर आपले काय बिघडते?" मुलीचा हिशेब माझ्यापेक्षा सरळ निघाला. आम्ही आकड्यांना पानासकट आधार लावला.

१९११ च्या दौऱ्यानंतर मुंबईत बाळूंचा सत्कार झाला आणि त्यांचे मानपत्र तरुण भीमरावांनी लिहिले, असाही उल्लेख येतो. तो आपल्याला मनापासून आवडणारा आहे. म्हणूनच त्याचे पान मी तीनदा तपासले. आवडीच्या वाक्यावर डोळा लवकर घसरतो, हा छापखान्यातला अनुभव.

येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. बाबासाहेबांचा 'दि बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात मूळ पाली आधार जागोजाग दिलेले नव्हते, आणि त्यावरून टीकाही झाली. भदंत आनंद कौसल्यायन यांनी त्याचा हिंदी अनुवाद करताना एकेक मूळ आधार शोधून जोडला. पाली वाङ्मयाच्या त्या ढिगातून एकेक जागा हुडकायची, तीही इंटरनेटशिवाय! आमचे दोन रविवार त्यापुढे काय? पण काम त्याच जातीचे, म्हणजे त्याच प्रकारचे, असे मी बहिणीला सांगितले तेव्हापासून 'फुकट' हा शब्द घरात थोडा कमी झाला आहे.

बाळूंचा लेख आता पुरा झाला. लेखात एकही तांबडे अक्षर नाही. भाचीने आता धाकट्या भावाचा, विठ्ठल यांचा लेख घेतला आहे. त्यांनी मराठीत लिहिलेले 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली निघाले. आम्हाला ते अजून मिळालेले नाही. वाचकांपैकी कोणाच्या घरी, वडिलांच्या किंवा आजोबांच्या ट्रंकेत, त्याची प्रत असेल तर ती आम्हाला देऊ नये, जपून ठेवावी. फक्त शीर्षकाचे पान, त्याच्या मागचे पान आणि ज्या पानावर १९२३ च्या कर्णधारपदाची हकिगत असेल त्या पानाचा क्रमांक तेवढा या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावा. फोटो काढून पाठवला तरी चालेल. फोटोत पानाचा आकडा कापला जाणार नाही एवढे पाहावे.